आवक-जावक नोंदीतली वेळ एकदा पडली की हलू नये: एक्सेल मॅक्रोची पद्धत

गोदामाच्या गेटवरच्या गाड्यांची नोंद एक्सेलमध्ये ठेवताना वेळेच्या रकान्यात त्या क्षणाची तारीख-वेळ दाखवणारा ‘नाऊ’ फॉर्म्युला टाकायचा मोह होतो. पहिल्या दिवशी सगळं ठीक दिसतं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की कालच्या चाळीसही गाड्या आज, एकाच मिनिटाला आल्यासारख्या दिसतात. शीटची आकडेमोड झाली की हा फॉर्म्युला नव्याने घड्याळ बघतो, मग तुम्ही दुसऱ्याच कुठल्या सेलमध्ये काही लिहिलं असलं तरी. नोंदीसाठी वेळ निव्वळ आकडा म्हणून सेलमध्ये बसायला हवी.

दिवसाला पाच-दहा नोंदी असतील तर मॅक्रोच्या, म्हणजे एक्सेलने आपोआप करायच्या आज्ञांच्या साठवलेल्या यादीच्या, वाटेला जाऊच नका. कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख पडते, त्यात शिफ्ट जोडलं की वेळ. दोन्ही एकाच सेलमध्ये हवं तर मधे एक स्पेस द्या. ही वेळ मिनिटापर्यंतच असते, सेकंद येत नाहीत.

नोंदी जास्त असतील तर रकाने असे मांडा: ए अनुक्रमांक, बी गाडी नंबर, सी माल, डी आत आल्याची वेळ, ई गेटपास नंबर, एफ बाहेर गेल्याची वेळ. डी आणि एफला कस्टम फॉरमॅट ‘डीडी-एमएम-वायवायवायवाय एचएच:एमएम:एसएस’ आधीच देऊन ठेवा आणि रकाने रुंद करा. अरुंद रकान्यात वेळेऐवजी नुसत्या जाळीच्या खुणा दिसतात.

रेकॉर्ड केलेला मॅक्रो

इथे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. रेकॉर्डिंग चालू करून वर सांगितलेला कंट्रोल-अर्धविराम दाबला, तर मॅक्रोमध्ये ‘आजची तारीख टाक’ असं साठत नाही. त्या दिवशीची तारीखच शब्दशः साठते, आणि महिनाभराने मॅक्रो चालवला तरी तीच जुनी तारीख पडते. एफ-२ आणि एफ-९ दाबून फॉर्म्युल्याचं उत्तर पक्कं करायची युक्तीही रेकॉर्डरपुढे अशीच फसते. म्हणून क्रम असा ठेवा:

१. डी-२ सेलवर या. ‘व्ह्यू’ टॅबमध्ये ‘मॅक्रोज’खालचा ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ चालू करा. हे करायचं राहिलं तर मॅक्रो दर वेळी डी-२ कडेच पळू शकतो.
२. ‘रेकॉर्ड मॅक्रो’ दाबा. नावात स्पेस चालत नाही. शॉर्टकट कंट्रोल-शिफ्ट-टी ठेवा. नुसता कंट्रोल-सी वगैरे दिलात तर ही फाइल उघडी असेपर्यंत कॉपी करणं बंद.
३. बरोबरचं चिन्ह (=) देऊन ‘नाऊ’ आणि रिकामा कंस इंग्रजीत टाइप करा, आणि कंट्रोल-एंटर दाबा. साध्या एंटरने कर्सर खालच्या सेलवर सरकतो.
४. कंट्रोल-सी, मग कंट्रोल-ऑल्ट-व्ही, त्यात ‘व्हॅल्यूज’ निवडून ओके.
५. एस्केप दाबून तुटक रेघांची चौकट घालवा आणि रेकॉर्डिंग थांबवा.

फाइल ‘एक्सएलएसएम’ प्रकारात सेव्ह करा, साध्या ‘एक्सएलएसएक्स’मध्ये मॅक्रो राहत नाही. वापरताना एकच सेल निवडा.

या मॅक्रोची खरी उणीव अशी की भरलेल्या सेलवर चुकून शॉर्टकट दाबला तरी तो बिनदिक्कत नवी वेळ लिहितो. मॅक्रो चालला की अनडूची यादी पुसली जाते, त्यामुळे जुनी वेळ परत मिळत नाही. गेटवरच्या घाईत हे होणारच.

आपोआप पडणारी वेळ

त्यावर उपाय म्हणजे गाडी नंबर लिहिताक्षणी वेळ पडावी आणि आधी पडलेली वेळ शाबूत राहावी. शीटच्या नावावर राइट क्लिक करून ‘व्ह्यू कोड’ उघडा. डावीकडच्या यादीत ‘वर्कशीट’ आणि उजवीकडच्या यादीत ‘चेंज’ निवडा. मधेच ‘सिलेक्शनचेंज’ नावाचा सांगाडा आपोआप उगवतो, तो पुसून टाका. ‘चेंज’च्या दोन ओळींच्या मधे पुढच्या आज्ञा याच क्रमाने लिहा. नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप इंग्रजीतच करायची.

आधी तपासण्या. ‘टार्गेट’ म्हणजे नुकताच बदललेला सेल. त्याचा ‘काउंटलार्ज’, म्हणजे सेलची संख्या, १ पेक्षा जास्त असेल तर ‘एक्झिट सब’, म्हणजे पुढचं काही न करता बाहेर. नुसतं ‘काउंट’ वापरलंत तर कुणी अख्खी शीट निवडून डिलीट दाबल्यावर ओव्हरफ्लोची चूक येते. मग ‘टार्गेट’चा ‘कॉलम’ २ नसेल तर बाहेर, ‘रो’ १ असेल म्हणजे शीर्षकाची ओळ असेल तर बाहेर, ‘टार्गेट’ रिकामं असेल तर बाहेर, आणि त्याच ओळीचा चौथा सेल भरलेला असेल तरी बाहेर. सगळा जीव या शेवटच्या तपासणीत आहे.

त्यानंतर ‘ऑन एरर गोटू’ने, म्हणजे चूक झाली तर कुठे जायचं ते सांगणाऱ्या आज्ञेने, शेवटच्या ओळीकडे बोट दाखवा, ‘अ‍ॅप्लिकेशन’चं ‘एनेबलइव्हेंट्स’ (‘चेंज’सारखे मॅक्रो आपोआप चालू द्यायचे की नाही ते ठरवणारं बटण) फॉल्स करा, चौथ्या सेलच्या ‘व्हॅल्यू’त ‘नाऊ’ भरा, आणि शेवटच्या ओळीत ‘एनेबलइव्हेंट्स’ ट्रू करा. गेटपाससाठी हीच तपासणी कॉलम ५ आणि सेल ६ यांच्यावर करावी लागते. दोन्ही एकाच ‘चेंज’मध्ये ‘इफ’ने बसवा, कारण एका शीटला ‘चेंज’ एकच असतो.

वेळ लिहिताना ‘फॉरमॅट’ फंक्शन वापरू नका. त्यातून मजकूर निघतो, मग क्रमवारी बिघडते. एक्सेलला वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक, सहा तास म्हणजे ०.२५. वेळ आकडा म्हणून राहिली तर एफमधून डी वजा करून गाडी आत किती थांबली ते लगेच कळतं. त्या रकान्याचा फॉरमॅट चौकोनी कंसातल्या एचचा ठेवा, नाहीतर २६ तास थांबलेली गाडी २ तासांची दिसेल.

एकदम वीस नंबर पेस्ट केले तर वरच्या पहिल्या तपासणीमुळे वेळ पडणार नाही. आमच्या मते ते बरंच आहे: एकाच क्षणी वीस गाड्या गेटवर येत नाहीत.

काय बिघडतं

वेळ पडणं अचानक बंद झालं आणि चूक झाल्याचा संदेशही नाही, तर ‘एनेबलइव्हेंट्स’ फॉल्सवर अडकलंय असं समजा. ऑल्ट-एफ-११, मग कंट्रोल-जी दाबा आणि खालच्या खिडकीत ते ट्रू करून एंटर द्या.

फाइल ईमेलने आली असेल तर विंडोज तिच्यावर इंटरनेटची खूण लावतं आणि मॅक्रो अडवला जातो. प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ करा. ब्राउझरमधल्या आणि मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए (मॅक्रो लिहायची एक्सेलची भाषा) मॅक्रो चालतच नाही, तिथे भरलेल्या ओळी बिनवेळेच्या राहतात.

वेळेचे रकाने लॉक करून शीटला पासवर्ड दिलात तर मॅक्रोलाही लिहिता येत नाही आणि १००४ क्रमांकाची चूक आत उद्भवते. ‘ऑन एरर’मुळे ती दिसतही नाही. लिहिण्याआधी ‘अनप्रोटेक्ट’ करा. पुन्हा ‘प्रोटेक्ट’ शेवटच्या ओळीजवळ ठेवा, म्हणजे मधे चूक झाली तरी शीट उघडी राहणार नाही. हे कुलूप अजाणतेपणी होणाऱ्या चुकांसाठी आहे, मुद्दाम फेरफार करणाऱ्याला ते रोखत नाही.

आणि मॅक्रो वेळ घेतो ती त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची. गेटवरच्या जुन्या पीसीची मदरबोर्डवरची बटनसेल, बहुतेकदा सीआर २०३२, संपली की वीज गेल्यावर तारीख वर्षानुवर्षं मागे जाते आणि नोंदीत तीच पडते.