सीट खाली आली आणि कंबर सुटली

सायकलवर चाळीसेक किलोमीटर झाले की माझी कंबर धरायची. वाटलं, वय झालं. मग एकदा मागून येणारा मित्र म्हणाला, "अरे, प्रत्येक पेडलला तू सीटवर डावी-उजवीकडे डोलतोयस." मेख तिथेच होती. सीट फार उंच असली की पाय खाली पोचवायला नितंब हलतात आणि सगळा ताण कमरेच्या स्नायूंवर येतो. पेडलवर टाच ठेवून पाहिलं. पेडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, माझी टाच तर सुटतच होती! दोन-दोन मिलिमीटर करत सीट ८ मिलिमीटर उतरवली. आता चवड्यावर पाय ठेवला की गुडघ्यात साधारण ३० अंशांचा वाक राहतो.

हँडलही लांब पडत होतं, म्हणून आखूड स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) बसवला.

चढावर जड गिअर रेटायची खोड मात्र सहजासहजी जाईना. आता हलका गिअर, पेडलचे मिनिटाला ८०-९० फेरे. शिवाय आठवड्यातून तीनदा प्लँक आणि ब्रिज हे पोट-कमरेचे व्यायाम (कंटाळवाणं आहे, पण करतो). दीडेक महिन्यात फरक पडला. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असता, तर पाना हातात घेण्याआधी डॉक्टरांकडे गेलो असतो.