धनुष्य मोडले तर: हाताने कमठा घडवणाऱ्यांसाठी

धनुष्य मोडल्यावर सर्वांत आधी सगळे तुकडे, अगदी बारीक ढलप्यासुद्धा, गोळा कराव्यात आणि ते कुठे मोडले, किती ओढीला, म्हणजे दोरी किती इंच मागे खेचल्यावर मोडले आणि त्या आठवड्यात हवा कशी होती हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. महिनाभराच्या मेहनतीनंतर हातात दोन तुकडे उरले की ते चुलीत घालावेसे वाटते, हे मी अनुभवाने जाणतो. पण पुढचे धनुष्य वाचवणारी माहिती त्या तुकड्यांतच असते.

तुकडे पाहण्याआधी दोन शब्द पक्के करू. धनुष्याची जी बाजू धनुर्धराकडे असते तिला पोट आणि लक्ष्याकडे असते तिला पाठ म्हणावे. दोरी ओढली की पाठीचे तंतू ताणले जातात आणि पोटाचे तंतू दाबले जातात. म्हणून मोड पाठीकडून सुरू झाली की पोटाकडून, हा पहिला प्रश्न आहे.

पाठीवरून लांबट, टोकदार ढलपी उचकटली असेल, तर लाकूड बहुधा चांगले होते आणि चूक कापण्यात झाली. पाठ तासताना वार्षिक वलय मध्येच छेदले गेले किंवा लाकडाची रेघ तिरकी बाजूला निघून गेली, की तंतू तिथेच तुटके राहतात आणि ताण आला की उचकटतात. पाठीवर मुठीपासून टोकापर्यंत एकच वलय अखंड ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. त्यासाठी शेवटचे काम वाकसाने किंवा रंध्याने न करता खरवडणीने, धीराने करावे. गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड थोडे जास्त राखावे, गाठ सपाट करू नये.

पोटावर आडव्या, सुरकुत्यांसारख्या बारीक रेषा दिसल्या तर तिथले तंतू दाबाने चिरडले आहेत. असे धनुष्य लगेच मोडत नाही, पण त्या जागी बिजागरीसारखा वाक पडत जातो. तिसरा प्रकार गाजर मोडावे तसा, आखूड आणि बोथट. तो दिसला की लाकूडच ठिसूळ होते असे समजावे: जुने, आतून कुजू लागलेले, किंवा अति वाळलेले.

हा तिसरा प्रकार नाशिकमध्ये विशेष जपण्यासारखा आहे. धामणीच्या लाकडाचा एक सुंदर दांडा मी एप्रिल आणि मे असे दोन महिने गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला होता, कारण लाकूड जितके वाळेल तितके चांगले अशी माझी समजूत होती. चोवीस इंचांच्या ओढीला तो मोडला. मी आधी जवळच्या एका गाठीला दोष दिला, पण मोड गाठीपासून वीतभर दूर होती आणि तिचे तोंड बोथट होते. मग एक तुकडा वजन करून ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोड्या वर, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवला आणि घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागले. ओलावा पाच टक्क्यांहूनही कमी निघाला. धनुष्यासाठी साधारण आठ ते दहा टक्के ओलावा योग्य असतो. हवेची आर्द्रता पन्नास टक्के असली की लाकूड काही आठवड्यांत नऊ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. पंचवीस टक्के असली तर पाचवर उतरते आणि ऐंशी टक्के असली तर सोळापर्यंत चढते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी पहिले संकट असते आणि पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला, दुसरे. ओले लाकूड सहसा मोडत नाही, पण वाकते ते वाकलेलेच राहते. म्हणून वाक काढण्याचे काम, म्हणजे थोडे थोडे खरवडून धनुष्य सगळीकडे सारखे वाकेल असे करणे, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करावे, असे मी आग्रहाने सांगेन. उन्हाळ्यात दांडा घरातल्या थंड खोलीत, जिथे पाण्याचा माठ असतो तिथे ठेवावा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर चार दिवसांनी तोलावा. वजन स्थिर झाले की लाकूड त्या हवेशी जुळले.

लाकूड निवडताना सुतार आधी साग दाखवतो. दारे-खिडक्यांसाठी सागाला तोड नाही, पण तो फारसा लवचीक नाही आणि धक्काही कमी सोसतो. धामणीला संस्कृतात धन्वन आणि धनुर्वृक्ष अशी नावे आहेत ती उगाच नाहीत. कुऱ्हाडीच्या दांड्यांना ती वापरतात ते याच चिवटपणासाठी. नवशिक्याने मात्र बांबूपासून सुरुवात करावी. भिल्ल कारागिरांचे धनुष्य बांबूचे असते आणि त्याची दोरीसुद्धा पुष्कळदा बांबूच्याच पट्टीची असते. मानवेलाचा तीन-चार वर्षांचा, जवळजवळ भरीव, हिवाळ्यात तोडलेला बांबू शेताच्या बांधावरून घ्यावा. 2017 साली वन कायद्यात बदल झाल्यापासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने झाड धरला जात नाही. बांबूचे सर्वांत दाट तंतू सालीलगत असतात, म्हणून साल पाठीकडे ठेवून ती अजिबात तासू नये आणि पेरांचे उंचवटे केवळ पॉलिश पेपरने मऊ करावेत.

सर्वाधिक धनुष्ये वाक काढताना मोडतात. पट्टीची जाडी दहा टक्क्यांनी कमी केली की तिचा कडकपणा सत्तावीस टक्क्यांनी घटतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. रुंदी दहा टक्के कमी केली तर तो फक्त दहा टक्के घटतो. म्हणूनच पोटावरून कानशीचे चार हात जास्त चालले की तिथे बिजागरी तयार होते. भिंतीला मुठीसाठी आधार ठोकून, खाली कप्पी लावून धनुष्य दूर उभे राहून ओढावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि समोर कोणीही नसावे. वाकलेल्या स्थितीत पोटावर सहा इंचांची सरळ पट्टी सरकवत न्यावी. जिथे फट मोठी दिसेल तिथे पेन्सिलीने फुली मारून ती जागा सोडावी आणि बाकीची भुजा (मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा अर्धा भाग) खरवडावी. दर खरवडणीनंतर अर्ध्या ओढीला वीस-तीस वेळा वाकवावे, कारण केलेला बदल लाकडात उमटायला तेवढे हेलकावे लागतात. सामान तोलण्याचा लटकता काटा दोरीत अडकवून ठरवलेल्या वजनापुढे एकदाही ओढू नये, मग ओढ पंधरा इंचच झालेली असो. अठ्ठावीस इंचांच्या ओढीसाठी धनुष्य सहासष्ट इंचांहून आखूड करण्याचा मोह पहिल्या दोन-तीन वर्षांत टाळावा.

'टक्' असा आवाज आला तर तत्काळ दोरी सैल करावी. मग पाठीवरून कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवावा. उचकटलेला तंतू डोळ्यांना दिसला नाही तरी कापूस त्याला अडकतो. ढलपी बारीक असेल तर पातळ सुपरग्लू आत झिरपू द्यावे आणि ती दाबून धरावी. मोठी असेल तर दोन भागांचे इपॉक्सी भरून दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच पुढे जाईल असा रेशमाचा किंवा जवसाचा धागा घट्ट गुंडाळावा आणि एक दिवस तसेच ठेवावे. येवल्यात पैठणी विणली जाते, तिथल्या विणकरांकडे रेशीम मिळू शकते. नायलॉन वापरू नये, तो ताणला जातो आणि लाकडावरचा भार उचलत नाही. पोटावरच्या सुरकुत्यांवर गोंद चालत नाही. तिथे उरलेली भुजा पातळ करून वाक पसरवावा आणि ओढायला पाच-दहा पौंड कमी जोर लागणारे धनुष्य स्वीकारावे.

एकच भुजा मोडली असेल तर दुसरी टाकून देऊ नये. त्याच लाकडाची नवी भुजा घेऊन मुठीत चार इंच लांबीची, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच करवतीने दोन्हींत जुळवून कापावी, इपॉक्सीने जोडून वरून धागा गुंडाळावा. जुनी भुजा आधीच सरावलेली असते, त्यामुळे जोड वाळल्यावर फक्त नवी भुजा खरवडावी आणि ओढ पुन्हा दहा इंचांपासून सुरू करावी.