गहू सोडायचाय? सोलापुरात सिलिॲकच्या रुग्णानं घर कसं लावावं

सिलिॲक या आतड्याच्या आजाराचं निदान झालं की डॉक्टर सांगतात, "आता आयुष्यभर गहू बंद." पोळीवर वाढलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकते. सोलापूरकरांनी मात्र एवढं खचून जायचं कारण नाही. या आजारात बाधतं ते गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आणि सगळ्या डाळींत ते नसतं. भाकरी, पिठलं, शेंगाचटणी, आमटी-भात हे आपलं रोजचं ताटच या आजारात चालतं. मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपल्या दारात पिकते. त्रास होतो तो गिरणीतून, हिंगाच्या डबीतून आणि "एवढ्याशानं काय होतंय" म्हणणाऱ्या मायेच्या माणसांकडून.

हा आजार म्हणजे साधी ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्न शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग जुलाब होतात, पोट फुगतं, वजन उतरतं. पण कित्येकांना पोटाची तक्रारच नसते. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, मुलाची उंची खुंटते, तोंड सारखं येतं, हाडं ठिसूळ होतात. टाइप-१ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा) आजार असलेल्यांमध्ये सिलिॲक जास्त आढळतो. अशांनी डॉक्टरांकडे स्वतःहून विषय काढावा.

आधी तपासणी, मग पथ्य

कुणीतरी सांगितलं म्हणून गहू सोडून बघू नका. रक्ताची टीटीजी-आयजीए तपासणी (सिलिॲकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी) आणि दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून केलेली बायोप्सी, या दोन्हींसाठी रोजच्या जेवणात गहू असावा लागतो. तो आधीच बंद केला असेल तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि माणूस वर्षानुवर्षं अंधारात राहतो. आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार, रक्तातलं एकूण आयजीए किती आहे तेही बघायला सांगा. ते मुळातच कमी असेल तर टीटीजीचा आकडा फसवतो. सिव्हिलमध्ये दाखवा नाहीतर खाजगीत, पण निदान कागदावर पक्कं होऊ द्या. आयुष्यभराचं पथ्य अंदाजावर पाळायचं नसतं.

गिरणीचा प्रश्न सोडवा

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथं द्यायला हवं. गव्हाच्या पाठोपाठ तुमची ज्वारी दळली, तर चक्कीत अडकलेलं गव्हाचं पीठ थेट तुमच्या डब्यात उतरतं. भाकरी ज्वारीची, पण आतडं काही बरं होत नाही, आणि घरच्यांना वाटतं औषधच लागू पडत नाहीये. ज्वारीची चक्की वेगळी असली तरी गिरणीभर गव्हाचं पीठ उडत असतं. जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका. या आजारात पैसे खर्च करायचे तर आधी इथं करावेत. तोवर ज्वारीची चक्की वेगळी असलेली गिरणी शोधा, गिरणीवाल्या काकांना आजार नीट समजावून सांगा आणि सुरुवातीचं पीठ बाजूला काढून दुसऱ्या कुणाला द्या. बेसन आणि तांदळाच्या पिठालाही हेच लागू. डाळ-तांदूळ आणून घरीच दळलेलं बरं. धान्यही निवडून घ्या, ज्वारीत गव्हाचे दाणे मिसळलेले असतात.

स्वयंपाकघर वेगळं करा

घरात बाकीच्यांच्या पोळ्या होणार असतील तर रुग्णाची परात, तवा, पोळपाट-लाटणं आणि चाळणी वेगळी ठेवा. जुन्या लाकडी काटवटीच्या चिरांमध्ये कणीक बसलेली असते, ती रुग्णासाठी वापरू नका. आधी भाकरी थापा, झाकून ठेवा, मगच कणीक मळा.

आता लपलेला गहू. बाजारातल्या बांधणी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, तांदळाच्या पिठातला किंवा खडा हिंग आणा. रवा, शेवया, मैदा बंद. थालिपिठाच्या भाजणीत आणि धपाट्यात गहू पडतो, त्यामुळे ते घरच्या पिठाचेच करा. सातूचं पीठ चालत नाही. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी नकोत, माल्ट जवाचं असतं. खपली गहू पचायला हलका म्हणून हल्ली बराच विकला जातो, पण तोही गहूच, या आजारात तो पूर्ण वर्ज्य. पाकिटावर 'ग्लूटेन फ्री' लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, असा आपल्याकडे नियम आहे.

सुरुवातीचे काही महिने आतडं इतकं नाजूक असतं की कित्येकांना दूध सोसत नाही, दही बहुतेकांना सोसतं. आतडं भरून आलं की दूधही पचू लागतं. शेंगाचटणी खा, पण या काळात तिखट बेतानं घाला.

बाहेर आणि पाहुण्यांकडे

कडक भाकरी पिशवीत टाका आणि निघा. ती दिवसेंदिवस टिकते, एसटीत, लग्नात, दवाखान्यात कुठंही चालते. विकत घेणार असाल तर ती करणाऱ्या ताईंना विचारा, त्याच परातीत पोळ्यांची कणीक मळतात का? शहराच्या पूर्व भागात इडली-डोसा सहज मिळतो, फक्त रवा इडली आणि रवा डोसा टाळा, आणि सांबारातल्या हिंगाचं विचारून घ्या. समोसे तळलेल्या तेलातली भजी नकोत. उपवासाचे पदार्थ मोठा आधार आहेत: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नसतं. आषाढीला पंढरपुरात गेलात तर इतर दिवसांपेक्षा खाणं सोपं जातं.

सत्यनारायणाचा शिरा मात्र रव्याचा. प्रसाद हातात घ्या, कपाळाला लावा आणि शेजारच्या माणसाला द्या. त्यात देवाचा अपमान नाही. आत्या-मावशींना पहिल्यांदाच स्पष्ट सांगा की कणभर गव्हानंही आतड्याला इजा होते, मग लगेच पोट दुखो वा न दुखो. लग्न ठरताना मुलीचा आजार लपवला जातो, ते कृपा करून करू नका. सासरी गुपचूप पोळी खात राहिलेल्या मुलीचं रक्त कमी होतं, गर्भारपणात त्रास वाढतो. सासूबाईंना आधीच माहीत असेल तर तिची भाकरी पहिल्या दिवसापासून वेगळी होते.

पाठपुरावा

लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून डॉक्टर सांगतील त्या गोळ्या घ्या. मोठ्यांनी हाडांच्या घनतेबद्दलही विचारावं. रुग्णाच्या आईवडील, भावंडं आणि मुलांपैकी साधारण दहात एकाला हा आजार निघू शकतो, म्हणून त्रास नसला तरी त्यांची टीटीजी करून घ्या. रुग्णाची टीटीजी सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा करा. आकडा हळूहळू उतरतो, कधी वर्षाहून जास्त वेळ लागतो. अजिबातच उतरत नसेल तर आधी पीठ कुठून येतं, हिंग कोणता आहे, परात कुणाची आहे हे बघा, आणि ती यादी घेऊनच पोटविकारतज्ज्ञांकडे जा.