चार दिवसांत संपूर्ण शरीराचा व्यायाम

गोव्यात फोंडा किंवा म्हापसा येथून रोज वेर्ण्याला कामासाठी ये-जा करणाऱ्यांना आठवड्याचे सहा दिवस जिमला जाणे सहसा जमत नाही. म्हणून एकेका अवयवाला एकेक दिवस देण्यापेक्षा चार दिवसांची विभागणी मला अधिक योग्य वाटते. सोमवारी व गुरुवारी छाती, पाठ, खांदे आणि दंड, तर मंगळवारी व शुक्रवारी मांड्या, नितंब आणि पोटऱ्या असे ठरवल्यास प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा ताण मिळतो आणि मधे ४८ तासांहून अधिक विश्रांतीही लाभते.

खरी काळजी घ्यावी लागते ती कमरेची. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून ताठ उभे राहणे, हा पायांच्या दिवसाचा व्यायाम मानला जात असला, तरी त्यात कण्यालगतचे स्नायू आणि हातांची पकडही थकते. त्यामुळे सोमवारी वाकून बारबेल रो (लांब दांड्याचे वजन पोटाकडे ओढणे) केल्यास मंगळवारी डेडलिफ्ट टाळून लेग प्रेस (यंत्रावर बसून पायांनी वजन ढकलणे) घ्यावा. डेडलिफ्ट शुक्रवारी ठेवावी आणि त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, छाती बाकाला टेकवून डंबेल रो (हातातली छोटी वजने वर ओढणे) करावा, म्हणजे पाठीला काम मिळूनही कंबर ताजी राहते.

पावसाळ्यातील दमट हवेत घाम लवकर सुकत नाही व दम लवकर लागतो, तेव्हा जड सेटनंतर (जड वजनाच्या सलग आवर्तनांनंतर) तीन मिनिटे निःसंकोच थांबावे. चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) दिवसांत एखादे सत्र चुकलेच, तर दोन दिवसांचा व्यायाम एकाच संध्याकाळी उरकू नये. क्रम तसाच ठेवून पुढे सरकावे.