त्रेसष्ट ऐकून ३६ लिहिणाऱ्या मुलांसाठी

काही वर्षांपूर्वी दुसरीच्या वर्गात मी सहज दहा संख्या सांगितल्या आणि पाटीवर अंकांत लिहायला लावल्या. पाट्या वर झाल्या आणि मी बघतच राहिले. 'त्रेसष्ट'ला अकरा पाट्यांवर ३६, दोन पाट्यांवर ६०३. 'एकोणपन्नास'ला निम्म्या वर्गाने ५९ ठोकलेले. हीच मुलं त्या सकाळी एक ते शंभर खणखणीत आवाजात म्हणून बसली होती. एकीला विचारलं, "चोपन्नच्या आधी काय गं?" ती एकपासून पुटपुटत निघाली.

चूक नीट बघितली की मुलांवर रागवावंसं वाटत नाही. त्रेसष्ट म्हणताना आपणच आधी 'त्रे' म्हणतो, मग 'सष्ट'. मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथली मुलंही अंकांची अशीच अदलाबदल करतात. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात 'वीस एक' असं संख्यावाचन आणलं ते याच अडचणीवर उपाय म्हणून, आणि मग त्यावर केवढे विनोद झाले! मला विचाराल तर 'साठ तीन' ही शिडी चांगली आहे. पण घरी आजीच्या तोंडी त्रेसष्टच येणार, तेव्हा शिडीवर बसून राहता येत नाही. शिवाय नुसतं 'साठ तीन' म्हटलं की ६०३ लिहिणारी मुलं वाढतात, हा माझा अनुभव.

सुरुवात काड्यांपासून करा. आइसक्रीमच्या काड्या, खराटा मोडून केलेल्या काड्या, काहीही चालेल. पण मुलाला स्वतः दहा मोजून रबर लावता आलं पाहिजे. तयार गठ्ठे हातात देऊ नका. तो गठ्ठा आपण बांधला, आत दहाच आहेत, ही खात्री बोटांना व्हावी लागते. पहिले दोन दिवस वर्गाचा बाजार होतो. "बाई, याने माझी काडी घेतली," "बाई, माझ्यात अकराच येतात." येऊ देत अकरा, पुन्हा मोजू देत. रबरांचं मात्र आधीच सांगून ठेवते. पहिल्या वर्षी मी ती डबा उघडून मधोमध ठेवली आणि पाच मिनिटांत वर्गात युद्ध पेटलं. आता प्रत्येक गटाला मोजून पाच रबरं आणि तास संपल्यावर मोजून परत. तेवढंच मोजायला आणखी एक निमित्त.

काड्यांचा तास आठवड्यातून दोनदाच जमतो, म्हणून रोजचं काम हजेरीला जोडलंय. फळ्याखाली दोन डबे ठेवलेत, डावीकडे दशकाचा, उजवीकडे एककाचा. हजेरी झाली की त्या दिवशीचा मॉनिटर एककाच्या डब्यात एक काडी टाकतो आणि आज शाळेचा कितवा दिवस ते फळ्यावर अंकांत लिहितो. दहावी काडी पडली की गठ्ठा बांधून डावीकडच्या डब्यात. त्या दिवशी एककाचा डबा रिकामा होतो आणि फळ्यावर शून्य का लिहायचं हे मला समजावून सांगावं लागत नाही. मुलं डब्यात वाकून बघतात. दोन मिनिटांचं काम आहे. डब्यांच्या जागा मात्र कधीही बदलू नका. एकदा झाडणाऱ्या मावशींनी उलटे ठेवले आणि माझ्याही लक्षात आलं नाही. बाविसाव्या दिवशी बदलले असते तर पचलं असतं, पण नेमका एकतिसावा दिवस होता आणि फळ्यावर १३ आले.

आता शेपटीचा खेळ. आमच्या वर्गात संख्येच्या नावाला शेपूट असते. त्रेसष्टची शेपूट 'सष्ट', म्हणजे साठ. बावन्नची 'वन्न', त्रेपन्नची 'पन्न'; दोन्ही पन्नासच्या घरातल्या. बाहत्तरची 'हत्तर', ब्याण्णवची 'ण्णव'. मी संख्या सांगते, मुलं आधी फक्त शेपूट ओरडतात आणि तेवढे गठ्ठे उचलतात. डोकं नंतर: 'त्रे' म्हणजे तीन सुट्या. हात आधी गठ्ठ्याकडे गेला की लिहितानाही ६ आधी येतो. अकरा ते अठरा या खेळात घेऊ नका, त्यांना धड शेपूटच नाही. ते पाठच करावे लागतात. पासष्ट-बासष्ट आणि सदुसष्ट-अडुसष्ट या जोड्या सांगताना तोंड मुलांकडे ठेवा. फळ्याकडे वळून बोललात तर शेवटच्या ओळीतल्या चुका तुमच्या खात्यात.

६०३ वाल्यांसाठी औषध वेगळं. जाड पुठ्ठ्याची कार्डं कापा: १० ते ९० दशकांची लांब कार्डं, १ ते ९ एककांची त्यांच्या निम्म्या रुंदीची. ६० च्या शून्यावर ३ बरोबर झाकून बसला पाहिजे. मूल ६० ठेवतं, त्यावर ३ ठेवतं, दिसतं ६३. मग ३ उचलायला सांगा. खालून शून्य डोकावतं. एक मुलगा हे पाच-सहा वेळा उघडझाप करून म्हणाला, "बाई, शून्य लपलंय, गेलं नाही." मी पुढचं अर्धं स्पष्टीकरण गिळून टाकलं.

सगळ्यात अवघड 'एकोण'. एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी, हे सांगून होत नाही. एकोणपन्नास करायचे तर मुलासमोर पन्नासचे पाच गठ्ठे ठेवा आणि म्हणा, "यातली एक मला दे." मूल काडी ओढून बघतं, निघत नाही, मग रबर सोडावं लागतं. एक काडी माझ्या हातात, नऊ सुट्या बाकावर, गठ्ठे उरले चार. इथे घाई करू नका. त्याला ते चार गठ्ठे बघू दे, स्वतः मोजू दे, मग लिहायला सांगा. ५९ लिहिणारं मूल बहुतेक वेळा इथेच थांबून आधीचं खोडतं. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद असंच करून घ्या आणि शेवटी नव्याण्णव विचारा. एखादं चौकस मूल हमखास विचारतं, "एकोणशंभर का नाही?" मी सांगते, भाषेने तिथे गंमत केलीय. अठ्ठावीसनंतर 'नववीस' न म्हणता एकोणतीस म्हणायचं आणि नव्वदीत मात्र सरळ नव-नव्वद करून मोकळं व्हायचं! मुलांना भाषेची चूक पकडल्याचा फार आनंद होतो.

तपासताना किती बरोबर एवढंच मोजू नका. वहीच्या कोपऱ्यात चुकीची खूण करा: अदलाबदल झाली तर बाण, शून्य जास्तीचं आलं तर गोल, एकोणची गडबड तर वजा. आठवड्याच्या शेवटी मी बाणवाल्यांना शेपटीच्या खेळाला बसवते, गोलवाल्यांना कार्डं देते, वजावाल्यांना माझ्याजवळ काड्या घेऊन बोलावते. बाकीची मुलं जोड्या करून एकमेकांना संख्या सांगतात. सांगणाऱ्यालाही उत्तर यावं लागतं, आणि चुकीचं सांगितलं तर भांडण होतं. ते मी होऊ देते. काड्या काढून सिद्ध करा म्हणते.

या वर्षी अजून तीन मुलांच्या वहीत बाण येतोय. त्यातल्या एकाने परवा त्रेसष्ट लिहिताना आधी उजवीकडे ३ काढला, मग डावीकडे जागा सोडली होती तिथे ६ भरला. ऐकलं तसंच लिहिलं आणि उत्तरही बरोबर. खोडून नीट क्रमाने लिही म्हणावं का, हे मी अजून ठरवलेलं नाही.