पर्यावरण शिक्षणाच्या स्वयंसेवेसाठी पुण्याहून परदेशी जायचे असल्यास

परदेशातील संस्थेकडे अर्ज करण्यापूर्वी निदान सहा महिने तेच काम पुण्यात करावे. शाळकरी मुलांना वेताळ टेकडीवर नेऊन झाडे ओळखायला लावणे, सोसायटीत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंना सोबत घेऊन ओल्या-सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण दाखवणे, मुठेच्या काठाने चालत कोणता नाला नदीला कुठे मिळतो याचा नकाशा मुलांकडूनच काढून घेणे, असे कोणतेही एक काम नेटाने धरावे. प्रत्येक सत्रानंतर किती जण आले, त्यांनी काय विचारले आणि काय फसले हे त्याच दिवशी वहीत लिहावे. महिन्याने पुन्हा जाऊन सोसायटीतल्या बादल्या उघडून पाहाव्यात. भाषणाला टाळ्या मिळाल्या होत्या की नाही, यापेक्षा त्या बादल्या अधिक खरे सांगतात. माझ्या मते अर्जात सर्वांत वजनदार ठरते ती हीच वही, विशेषतः तिच्यातली फसलेल्या सत्रांची पाने.

त्यानंतर योजना निवडावी. पुणेकरांना जर्मनीचा मार्ग तुलनेने सोयीचा आहे, कारण जर्मन शिकण्याची सोय बोट क्लब रस्त्यावरील मॅक्सम्युलर भवनात आहे. जर्मनीतील ‘ऐच्छिक पर्यावरण वर्ष’ या योजनेत सक्तीचे शालेय शिक्षण संपलेले, 27 वर्षांखालील तरुण सहसा बारा महिने निसर्ग शिक्षण केंद्रात, शेतावर किंवा संरक्षित क्षेत्रात काम करतात. त्यांना खर्चापुरते पैसे व सामाजिक विमा मिळतो आणि वर्षभरात 25 दिवसांची शिबिरे सक्तीची असतात. वर्षाचा बराच भाग गवत कापण्यात आणि कुंपण दुरुस्त करण्यातही जातो, हे मात्र आधीच समजून असावे. नोकरी सोडणे शक्य नसल्यास 1970 मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात घरबसल्या ऑनलाइन काम करता येते. पाठ्यसाहित्य तयार करणे किंवा भाषांतर करणे ही त्यातली नेहमीची कामे आहेत.

काही मध्यस्थ स्वयंसेवकाकडूनच मोठी रक्कम घेतात. पैसे मागणे म्हणजे फसवणूकच असे नव्हे, परंतु त्यातील किती भाग गावापर्यंत पोहोचतो आणि स्वयंसेवक नसताना हे काम कोण करते, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. दुसऱ्या प्रश्नाला ‘कोणीच नाही’ असे उत्तर आले, तर तेथे जाऊ नये.

कागदपत्रांत पहिली चूक होते ती व्हिसाची. वेतन नसले तरी अनेक देश स्वयंसेवेला कामच मानतात, त्यामुळे पर्यटक व्हिसावर जाण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो त्या देशाच्या दूतावासाच्या नियमांशी ताडून पाहावा. उदाहरणार्थ, ब्रिटनच्या अभ्यागत व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त 30 दिवसच काम करता येते. मुलांबरोबर काम असल्यास पोलिसांचा ना-हरकत दाखला बहुधा मागितला जातो. त्याचा अर्ज पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर करून मुंढव्याच्या केंद्राची वेळ घ्यावी. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पीतज्वराची लस अधिकृत केंद्रातूनच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि ते प्रमाणपत्र परत येतानाही भारतात दाखवावे लागते. विमानाचे तिकीट सर्वांत शेवटी काढावे.

तेथे पोहोचल्यावर पहिले काही आठवडे शिकवू नये. जर्मनीत कागद, वेष्टने आणि जैविक कचरा यांचे डबे वेगवेगळे असतात आणि त्यांचे रंगही गावोगाव बदलतात. पुण्यातल्या दोन बादल्यांचा अनुभव तेथे जसाच्या तसा लागू होत नाही. तेव्हा आधी स्थानिक शिक्षकाच्या वर्गात मागे बसावे, मग त्याच्याबरोबर मिळून एक सत्र आखावे आणि ते प्रथम त्यालाच घेऊ द्यावे, म्हणजे आपण निघाल्यावरही ते सुरू राहते.