सेलमधली सूट खरी आहे का, हे मी कसं तपासते

भाचीच्या रुखवतात मांडायला मिक्सर हवा होता. फोनवर 'एमआरपी ६,९९९, आता फक्त ३,४९९' असं दिसलं आणि मी लगेच पैसे भरले. आठवड्याभरानं अस्तराचं कापड आणायला बेळगावच्या गणपत गल्लीत गेले, तर एका दुकानात तोच मिक्सर, तेच तीन जार, ३,३०० ला. दुकानदार म्हणाले, "अक्का, एमआरपीला आमच्याकडं पण कोण घेत नाही." दोनशे रुपये म्हणजे माझी एका साध्या ब्लाऊजची शिलाई. फार जिवाला लागलं. तेव्हापासून मी टक्के बघत नाही.

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून कमाल किंमत. तिच्या वर विकायचं नाही, एवढंच बंधन. मिक्सर-पंख्यासारख्या वस्तूवर ती किती छापायची, हे बनवणाराच ठरवतो. त्यामुळं सहा हजार नऊशे छापून निम्म्यात विकलं, तरी आपले साडेतीन हजार वाचले असं होत नाही. ती वस्तू त्या भावाला कधी विकली गेली होती का, हा खरा प्रश्न.

म्हणून सगळ्यात आधी मॉडेल नंबर. नुसतं '७५० वॉटचा मिक्सर' म्हणून तुलना होत नाही. शेवटचं एक अक्षर बदललं तरी जार कमी असतो, नाहीतर मोटरची वॉरंटी कमी. काही मॉडेल फक्त ऑनलाइनच विकतात, ती गल्लीतल्या दुकानात मिळणारच नाहीत. तिथं वॉट, जार आणि वॉरंटी एकेक करून जुळवून बघायची.

मग माझी वही. शिलाईच्या मापांच्या वहीचीच मागची पानं. दसऱ्याला काही घ्यायचं असेल तर गणपतीच्या आधीपासून आठवड्याला एकदा तारीख, मॉडेल नंबर आणि भाव लिहिते. भाव म्हणजे वर ठळक दिसतो तो नाही. पिनकोड घालून, पैसे भरायच्या आधीच्या पानावर येतो तो आकडा. डिलिव्हरी आणि हाताळणीचे पैसे तिथंच कळतात. भाचीच्या सासरचा खानापूरचा ५९१३०२ घातला की कधीकधी विक्रेताच बदलतो आणि रक्कमही.

वही ठेवायला वेळ नसेल तर कीपा नावाची वेबसाइट आहे. अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूचा जुन्या भावांचा आलेख त्यात दिसतो, भारतातल्या साइटचासुद्धा. सेलच्या आधी दोन-तीन आठवडे भाव वर चढवलेला आणि सेलला परत पहिल्या जागी आणलेला दिसला, तर ती सूट नव्हे. मात्र बँकेच्या कार्डावरची सवलत आलेखात धरलेली नसते, ती आपण वजा करायची.

जुन्या भावाशी तुलना करताना एक तारीख लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवसापासून एसीवरचा आणि ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कर धरून ३०,००० ला असलेला टीव्ही निव्वळ त्यामुळं साधारण २७,६५० ला यायला हवा. तेवढाच उतरला असेल तर विक्रेत्यानं पदरचं काही सोडलेलं नाही.

फ्रिज, एसीचं स्टारचं लेबल मोठं करून वाचा. त्यावर ते कुठल्या काळासाठी आहे हे छापलेलं असतं. स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, म्हणून जुन्या लेबलचे पाच स्टार आजच्या मापानं कमी भरू शकतात. असा जुना माल सेलमध्ये स्वस्त दिसतो, फरक पुढं विजेच्या बिलात कळतो.

'नो कॉस्ट ईएमआय'चा, म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचा, हिशेब नीट मांडा. व्याजाएवढी सूट आधी दाखवतात आणि बँक व्याज लावतेच. क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी जातो, वर बऱ्याचदा प्रोसेसिंग फी. एकरकमी भावाशेजारी हे सगळं मिळवून लिहा.

'फक्त दोनच शिल्लक' आणि उलटं धावणारं घड्याळ बघून हात थरथरतो, माझाही थरथरायचा. खोटी घाई लावणं आणि न विचारता टोपलीत वस्तू घालणं, दोन्ही २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत मना केलं आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर करता येते, मराठीतून आणि कन्नडमधूनही.

आता मोठी वस्तू असेल तर मी गल्लीत दोन दुकानांत मॉडेल नंबर दाखवून शेवटचा भाव विचारते. टेम्पो, जोडणी आणि बिघडल्यावर माणूस घरी येणार का, हेही विचारते. दोन-तीनशे जास्त असले तरी तिथंच घेते, कारण खेड्यावर फ्रिज बंद पडला की फोनवरच्या विक्रेत्याला आपण कुठं शोधणार?

साडीला मात्र यातलं काहीच चालत नाही. तिला मॉडेल नंबर नसतो. इरकलीच्या पदराला रेशीम आहे की आर्ट सिल्क म्हणजे नकली रेशीम, माग हाताचा की यंत्राचा, हे फोटोत कळत नाही. सगळी साडी शुद्ध रेशमाची सांगत असतील तर सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचं, लेबल मागा. मी स्वतः वडगावहून शहापुरात चालत जाते आणि पदर हातात घेऊन मगच भाव विचारते.